पाणी-मातीचे प्रश्न : काडीकचऱ्याचा बायोचार आणि घाण झालेलं पाणी

या महिन्यात बायोचारवर इतकी पत्रं आलीत की बाकीचे सगळे विषय पुढच्या अंकात ढकललेत. शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या या कोळशाने विहिरीचं, नाल्याचं, तळ्याचं पाणी आणि खालचा गाळ साफ होतो का, हे सगळ्यांना विचारायचंय. काही पत्रं थोडी लहान केलीत, प्रश्न मात्र तुमच्याच शब्दांत ठेवलाय.

प्रश्न : आमची विहीर नाल्याला लागून आहे. नाल्यातून वरच्या गावांचं सांडपाणी आणि कुठल्या कुठल्या कारखान्यांचं पाणी येतं, उन्हाळ्यात विहिरीला वास मारतो. घरचं पाचट भरपूर आहे. त्याचा बायोचार करून पोत्यात भरून विहिरीत सोडला तर पाणी प्यायला चालेल का? व्हिडिओत तसं दाखवतात.
(शेतकरी, शिरोळ तालुका)

उत्तर : दादा, पोतं विहिरीत सोडू नका, आणि बायोचारच्या भरवशावर ते पाणी पिऊ तर अजिबात नका. का ते नीट सांगते, कारण पुढच्या सगळ्या पत्रांची उत्तरं यातूनच निघणार आहेत.

काडीकचरा कमी हवेत साधारण ४०० ते ७०० डिग्रीपर्यंत तापला की त्यातला धूर आणि वायू निघून जातात आणि मागे राहतो तो कोळसा, ज्याच्या अंगभर बारीक बारीक छिद्रं असतात. त्या छिद्रांच्या भिंतींवर बहुतेक करून ऋण भार असतो. पाण्यात विरघळलेलं शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त यांच्यावर धन भार असतो म्हणून ते तिथे येऊन चिकटतात, मेंढीच्या लोकरीला गोखरू चिकटावेत तसे. शिवाय कोळशात थोडी राख असते, त्या राखेतल्या कार्बोनेट आणि फॉस्फेटबरोबर शिशाचे न विरघळणारे कण तयार होतात. दुसरा प्रकार म्हणजे तेल, बरीच कीटकनाशकं-तणनाशकं, काही रंग, जी पाण्यापेक्षा कोळशाच्या कार्बनला जास्त पसंत करतात, तीही तिथे जाऊन बसतात. एवढं बायोचारचं काम चांगलं आहे, आणि कचऱ्यातून होतं म्हणून मला ते मनापासून आवडतं.

पण नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यांच्यावर पाण्यात ऋण भार असतो (आर्सेनिकचा एक प्रकार तर बिनभाराचाच फिरतो), ती साध्या कोळशाला नीट चिकटत नाहीत. मीठ आणि पाण्याचा जडपणा जात नाही. आणि जंतू मरत नाहीत, हे तर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तुमच्या शेजारी इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली होती ती तुम्हाला आठवत असेल, ती पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची. असा विषाणू पोतंभर कोळशाने थांबत नाही, उलट ओल्या कोळशावर जंतूंचा थर छान वाढतो.

आता पोतं का नको. पाणी कोळशाच्या कणाकणातून हळूहळू गेलं पाहिजे तरच काहीतरी पकडलं जातं, विहिरीत ते पोत्याच्या बाजूने उभं राहतं, आतपर्यंत जातच नाही. वरून आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, आणि तेही धन भाराचेच असल्यामुळे कोळशावरच्या जागा आधी तेच अडवतात. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात शिसं घालून काढलेले जे मोठमोठे आकडे पाकिटांवर छापतात ते तुमच्या विहिरीत मिळणार नाहीत.

मग करायचं काय? आधी पाणी तपासा. ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचं टेस्ट किट असतं, त्यात पीएच, जडपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह असं कळतं, पण शिसं-कॅडमियम आणि तणनाशकं त्यात कळत नाहीत. त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा एखाद्या मान्यताप्राप्त लॅबकडे नमुना द्यावा लागतो, आणि बाटली त्यांच्याकडूनच घ्या कारण धातूंच्या नमुन्यात ॲसिड घालावं लागतं आणि तणनाशकांसाठी गडद काचेची बाटली, थंड ठेवलेली, लागते. रिपोर्ट आला की भारतीय मानक १०५०० शी ताडून बघा : लिटरला शिसं ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, नायट्रेट ४५, याच्या वर गेलं तर ते पिण्याचं पाणी नाही. जंतूंसाठी क्लोरीन किंवा उकळणं हेच. पण धातू उकळून जात नाहीत, पाणी आटतं तसे ते वाढतात, त्यामुळे धातू निघाले तर पिण्याचं पाणी दुसरीकडूनच आणायचं, तिथे तडजोड नको.

आणि पाचटाबद्दल एक. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, पण ते सगळं कोळशाला घालू नका, खोडव्यात सरीत पसरून कुजवलं तर जमिनीला त्याचा फायदा फार मोठा आहे. जे बांधावर, रस्त्याकडेला पेटवूनच दिलं जाणार आहे तेवढं घ्या. पाचटाचा कोळसा होतो हे आपल्याकडे काही नवीन नाही, पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, म्हणजे आपल्या 'आरती'ने, याच कामासाठी २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळवला होता. तो कोळसा चुलीसाठी होता, पण पाचट जाळून टाकायचं नसतं हे तेव्हापासून दाखवलेलं आहे.

प्रश्न : मग उसाच्या शेतातल्या औषधांचं काय? आम्ही टू-फोर-डी आणि ॲट्राझिन ही तणनाशकं मारतो, पाऊस आला की चरातून सगळं ओढ्यात जातं.
(शेतकरी, वाळवा तालुका)

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण बायोचार वापरायची खरी जागा हीच आहे. औषध ओढ्यात गेल्यावर पकडण्यापेक्षा शेताच्या तोंडाशी पकडणं कितीतरी सोपं.

चर जिथे शेताबाहेर पडतो तिथे वाळू-खडीचा एक टप्पा करा म्हणजे माती आधी खाली बसेल, आणि त्याच्या पुढे बायोचार आणि जाड वाळू मिसळलेला टप्पा, दोन्ही बाजूंनी जाळी किंवा गोणपाट लावून. पाणी त्यातून झिरपत गेलं पाहिजे, किमान अर्धा तास तरी कोळशाशी गाठ पडली पाहिजे. ढगफुटीसारखा पाऊस आला तर पाणी वरून वाहून जाणारच, त्याची बाजूने वाट ठेवा नाहीतर सगळा कोळसा ओढ्यात दिसेल. फवारणीनंतरचे पहिले एक-दोन पाऊस औषध जास्त नेतात, तेवढे पकडले तरी मोठं काम झालं.

इथे कोळसा जास्त तापमानाचा हवा. उत्तर थायलंडमध्ये टू-फोर-डीवर याच विचाराने काम झालंय, गावात साध्या साधनांनी केलेला कोळसा पाण्याच्या फिल्टरला चालतो का म्हणून, आणि त्यात पारंपरिक भट्टीच्या कमी तापलेल्या कोळशापेक्षा ज्वाळेत कडक तापलेला कोळसा बराच सरस निघाला. कारण टू-फोर-डी पाण्यात ऋण भाराचंच असतं, ते भाराने नाही तर कार्बनच्या भिंतीला धरून बसतं, आणि तशी भिंत कडक तापल्याशिवाय तयार होत नाही. गढूळ पाण्यातला कुजलेला पालापाचोळा सुद्धा त्याच छिद्रांत घुसतो, म्हणून माती आधी बसवा म्हटलं.

आणि दादा, डोस कमी करता आला तर तो आधी करा. पाचटाचं आच्छादन असलेल्या खोडव्यात तण मुळात कमी येतं, म्हणजे औषधही कमी लागतं.

प्रश्न : बायोचार घरी कसा करायचा? आमच्याकडे पऱ्हाटी आणि तुराट्या ढिगाने आहेत. ड्रमची भट्टी महाग पडते.
(शेतकरी गट, वर्धा जिल्हा)

उत्तर : भट्टी नको, खड्डा पुरे. हान्स-पीटर श्मिट आणि पॉल टेलर यांनी २०१४ च्या सुमारास कोन-टिकी नावाची निमुळती उघडी भट्टी पुढे आणली, तिचंच खड्ड्यातलं रूप आपल्याला चालतं.

वरून दीड मीटर रुंद, खाली निमुळता, पाऊण मीटरच्या आसपास खोल असा खड्डा. पऱ्हाटी कडक वाळलेली हवी, मोडली की कट्ट आवाज आला पाहिजे. तळाशी बारीक काड्यांचा जाळ करा, तो वरून पेटवा. जाळ धरला की पऱ्हाटीचा पातळ थर टाका. तो पेटून त्याच्यावर पांढुरक्या राखेची साय दिसायला लागली की लगेच पुढचा थर. गंमत अशी आहे की वरची ज्वाळा सगळी हवा स्वतःच खाते, त्यामुळे खालचा निखारा जळून राख होत नाही, आणि खालून येणारा धूरही त्या ज्वाळेतच जळतो. म्हणून धूर हा तुमचा मीटर समजा : धूर येतोय म्हणजे माल ओला आहे किंवा एकदम जास्त टाकलाय. खड्डा भरत आला की पाण्याने पूर्ण विझवा, अगदी चिखल होईपर्यंत, किंवा पाणी नसेल तर ओली माती दाबून बसवा. १०० किलो सुक्या पऱ्हाटीमागे २० ते २५ किलो कोळसा मिळाला तर काम चांगलं झालं समजायचं.

वारा नसलेली सकाळ निवडा, कडब्याच्या गंजीपासून आणि गोठ्यापासून लांब. खड्ड्यावर वाकू नका, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. विझलेला कोळसा त्याच दिवशी पोत्यात भरायचा नाही, आत एखादा निखारा राहिला तर रात्री पोतं पेटतं. पसरून ठेवा, दुसऱ्या दिवशी हात घालून बघा, मगच भरा. प्लास्टिकची गोणी, रंगवलेलं लाकूड, ठिबकच्या जुन्या नळ्या यातलं काहीही जाळात जाऊ देऊ नका, पाणी साफ करायला निघालेला कोळसाच विषारी होईल. अर्धवट जळालेल्या, धूर धरलेल्या कोळशातही नको ती रसायनं राहतात, तो हाताला तेलकट लागतो आणि त्याला डांबरासारखा वास येतो. तसा निघाला तर पुढच्या जाळात परत टाका.

फिल्टरसाठी कोळसा कुटून चाळायचा, साखरेच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान इतपत, म्हणजे अर्धा ते दोन मिलिमीटर. पीठ झालेला भाग वेगळा काढून शेणखतात घाला कारण पिठाने फिल्टर चोंदतो. मग चार-पाच पाण्यांनी धुवा, पहिलं पाणी काळं आणि राखेमुळे अल्कधर्मी येतं.

तुमच्याकडे याचा आणखी एक फायदा आहे. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करा असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो, गुलाबी बोंडअळी त्या उरलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाला येते. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली की अळीही तिथेच राहते. तिचा लगेच कोळसा केला तर ते संकटही मिटतं, आणि शेतातल्या शेतात नुसती पेटवून देण्याचा धूरही वाचतो.

प्रश्न : आमच्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडलेत. पऱ्हाटीच्या बायोचारचा फिल्टर शाळेत बसवायचा विचार आहे, निधीही जमा होतोय.
(शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, तो निधी यात घालू नका, कृपा करून. फ्लोराइड ऋण भाराचं आहे, साधा बायोचार ते धरत नाही. पोरं ते पाणी स्वच्छ समजून जास्त पितील आणि नुकसान होईल.

फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. तुमच्या यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात ते खडकातूनच येतं आणि बोअर जितकी खोल तितकं जास्त असण्याची शक्यता. कोळशाच्या जातीतलं फ्लोराइडवर चालणारं एकच जुनं साधन म्हणजे हाडांचा कोळसा, तो टांझानिया आणि केनियात वापरतात, पण तिथे काम करतं ते कार्बन नाही, हाडातलं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज. बऱ्याच घरांत हाडाचा कोळसा पाण्यात चालणार नाही हेही खरं, आणि त्याचा मान ठेवायला हवा. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने नालगोंडा पद्धत बसवली, त्यात तुरटी आणि चुना मोजून घालून ढवळून गाळ बसवतात. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे फिल्टरही मिळतात. दोन्हीला रोजची देखभाल आणि दर काही दिवसांनी फ्लोराइड तपासणं लागतं, ते कोण करणार ते आधी ठरवा.

पण शाळेसाठी मला विचाराल तर छतावरचं पावसाचं पाणी झाकलेल्या टाकीत साठवणं सगळ्यात बरं, फक्त पिण्याला आणि खिचडीला तेवढं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय ठेवा आणि क्लोरीन घाला. पावसात फ्लोराइड नसतं. दातांवरचे डाग जाणार नाहीत, पण आता पहिली-दुसरीत असलेल्या लेकरांचे उशिरा येणारे दात आणि हाडं वाचतील, म्हणून घाई करा.

प्रश्न : पंचगंगेतलं केंदाळ (जलपर्णी) दर वर्षी काढून काठावर टाकतात, तिथेच कुजतं. आमचा महिला गट त्याचा बायोचार करून विकू शकेल का?
(बचत गट, हातकणंगले तालुका)

उत्तर : कल्पना चांगली आहे, कष्टाचं गणित मात्र आधी करा. केंदाळात ९० टक्क्यांहून जास्त पाणी, म्हणजे ट्रॉलीभर उचलून सुकवल्यावर हाताला थोडाच कोळसा. सुकवायला जागा आणि कोरडं ऊन लागतं.

खरी अडचण वेगळी आहे. ही वनस्पती पाण्यातले धातू मुळांत ओढून घेते, खूप चांगलं ओढते, म्हणूनच घाण पाण्यात तिची वाढ बघवत नाही. कोळसा केल्यावर धातू उडून जात नाहीत (पारा आणि थोडंफार कॅडमियम उडतं, ते तुमच्या श्वासात), बाकी सगळे कमी वजनाच्या कोळशात जास्त दाट होतात. तेव्हा एक नमुना लॅबला द्या, मुळं वेगळी आणि पानं वेगळी. पानं साफ निघाली तर मुळं तोडून फक्त पानं-देठ घ्या. आणि तोपर्यंत 'भाजीपाल्यासाठी सेंद्रिय बायोचार' असं लेबल लावून विकू नका, घेणारी बाई ते तिच्या मेथीच्या वाफ्यात घालणार आहे.

प्रश्न : छोटं डाइंग युनिट आहे. रंगाच्या पाण्याला बायोचार चालेल?
(इचलकरंजी)

उत्तर : सुती कापडाला तुम्ही रिॲक्टिव्ह रंग वापरत असाल, ते ऋण भाराचे, साध्या कोळशाला कमी धरतात. शोधनिबंधांत दिसणारे छान आकडे बहुतेक मिथिलीन ब्लूचे असतात, तो धन भाराचा रंग. शिवाय रंग थोडा उतरला तरी मीठ तसंच राहतं आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडा) हलत नाही, पाणी दिसायला साफ आणि नदीला तेवढंच खारट. सामायिक प्रक्रिया केंद्राला पर्याय म्हणून बायोचार नाही.

प्रश्न : गावालगतच्या जुन्या तलावात शहराचं सांडपाणी येतं, गणपती विसर्जनही तिथेच. आता गाळ काढून शेतकऱ्यांना द्यायचा ठराव आहे. त्या गाळात किंवा तलावातच बायोचार मिसळला तर धोका जाईल का?
(ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा)

उत्तर : तुम्ही ठरावाच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत कितीतरी तलाव मोकळे झाले आणि हलक्या जमिनी सुधारल्या, ती योजना मला मोलाची वाटते. पण डोंगरातून, शेतातून वाहून आलेला पाझर तलावाचा गाळ वेगळा आणि शहराच्या नाल्याखालचा गाळ वेगळा. नाल्यातून आलेलं शिसं, जस्त, क्रोमियम, गॅरेजचं तेल, मूर्तींच्या रंगातले धातू, हे सगळं पाण्यात फार वेळ तरंगत नाही, बारीक मातीला चिकटून तळाशी बसतं. म्हणजे तलावाचं पाणी ठीक आलं तरी गाळ ठीक असेलच असं नाही. नाल्याच्या तोंडाशी, विसर्जन घाटाशी आणि मधोमध असे वेगवेगळे नमुने घ्या, एकत्र करू नका, कारण बहुतेक वेळा नाल्याच्या तोंडाचाच भाग वाईट असतो आणि बाकीचा वापरता येतो.

आता बायोचार. गाळातून विष बाहेर काढायचं काम तो करत नाही, जागच्या जागी धरून ठेवायचं करतो. गाळातले किडे, त्यांना खाणारे मासे, माशांना खाणारी माणसं, या वाटेने विष वर चढतं, ते विष कोळशात अडकलं की किड्याच्या अंगात कमी जातं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रास नदीत २००६ साली हे प्रत्यक्ष तळावर करून बघितलं, तिथे पीसीबी नावाची जुनी औद्योगिक रसायनं होती आणि वापरला होता ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे बायोचारचाच जास्त छिद्रांचा महागडा भाऊबंद. तळातल्या किड्यांच्या अंगातलं पीसीबी खूप कमी झालं. तत्त्व तेच असलं तरी आपल्या साध्या बायोचारची ताकद त्याच्यापेक्षा कमी असते हे धरून चाला.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून साधं गणित करू. एक हेक्टर तळ, वरचा १० सेंटिमीटर गाळ म्हणजे १००० घनमीटर. सुकं वजन घनमीटरला ५०० किलो धरलं तर ५०० टन. त्यात ४ टक्के कोळसा म्हणजे २० टन, आणि तेवढ्यासाठी ८० ते १०० टन सुकी पऱ्हाटी लागणार. कोरडा कोळसा पाण्यावर तरंगतो, तो आधी भिजवून वाळू-मातीत कालवून टाकावा लागतो. आणि एवढं करून वरचा नाला चालूच राहिला तर दोन पावसाळ्यांत त्याच्यावर नवा घाण थर बसेल. म्हणून नाला वळवणं किंवा त्याच्यावर प्रक्रिया करणं हे पहिलं काम, विसर्जनासाठी वेगळा कुंड हे दुसरं. ही दोन झाली नाहीत तर कोळशावर पंचायतीचा एक रुपया घालू नका, असं मी सभेत उभं राहूनही सांगेन. तुमच्या तलावात जलपर्णी आणि हिरवा तवंग असेल तर ते फॉस्फरसमुळे, आणि फॉस्फरसही साधा बायोचार धरत नाही, कधी कधी स्वतःतलाच थोडा सोडतो.

शेतात आधीच असा गाळ पडलाय अशांसाठी थोडी आशा आहे. अल्कधर्मी बायोचारने शिसं आणि कॅडमियम मातीत जखडतं, पिकात कमी जातं. तरी त्या रानात पालक-मेथी-कोथिंबीर नको, पालेभाज्या धातू जास्त उचलतात. मातीत आर्सेनिक निघालं तर मात्र बायोचार घालू नका, पीएच वाढला की ते उलट सुटतं.

प्रश्न : विहिरीचं पाणी लालसर येतं, कपड्यांना डाग पडतात. नारळाच्या करवंट्या ढीगभर आहेत, त्यांचा कोळसा घालू का?
(डिचोली, गोवा)

उत्तर : लाल डाग म्हणजे बहुधा लोह. त्याला कोळसा लागतच नाही, पाणी उंचावरून झारीसारखं पाडून हवा लागू द्या, टाकीत रात्रभर बसू द्या, मग वाळूतून गाळा. डाग काळे असतील तर मॅंगनीज, ते नुसत्या हवेने नीट जात नाही, तपासून घ्या. करवंटीचा कोळसा मात्र फार उत्तम असतो, घट्ट आणि कमी राखेचा, जपून ठेवा.

प्रश्न : फिल्टरमधला वापरलेला कोळसा खत म्हणून टाकला तर चालतो ना?
(बारामती तालुका)

उत्तर : कशासाठी वापरला त्यावर आहे. गोठ्याच्या पाण्यात ठेवला असेल तर त्यात अमोनिया आणि शेणामुताचा कस धरलाय, तो शेणखतात मिसळून खुशाल शेतात घाला, सोन्यासारखा आहे. तणनाशक धरलेला लगेच भाजीच्या रानात नको. आणि शिसं, कॅडमियम, क्रोमियम पकडलेला कोळसा शेतात नाही, उकिरड्यात नाही, चुलीत तर मुळीच नाही, धुरातून आणि राखेतून ते सगळं घरात पसरतं. झाकणाच्या ड्रममध्ये कोरडा ठेवा, वर काय आहे ते लिहा. प्रमाण मोठं असेल तर २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या केंद्रात जायला हवा, आणि त्याचा खर्च प्रकल्प मांडतानाच धरायला हवा. कोणी तुम्हाला बायोचारचा प्रकल्प विकायला आला तर हा प्रश्न त्याला पहिला विचारा.

प्रश्न : आठवीच्या मुलांना हे वर्गात दाखवायचंय, सोपा प्रयोग सांगाल?
(विज्ञान शिक्षक, लातूर)

उत्तर : नक्की. दोन प्लास्टिकच्या बाटल्या तळ कापून उलट्या टांगा, तोंडाला कापूस. एकीत धुतलेली वाळू, दुसरीत वाळू आणि धुतलेला बायोचार निम्मा निम्मा. शाळेच्या लॅबमधलं मिथिलीन ब्लू थेंबभर एक लिटर पाण्यात घालून दोन्हींतून अगदी हळू सोडा. वाळूतून येणाऱ्या पाण्यात निळा रंग जास्त दिसेल, कोळशातून येईल ते जवळजवळ बिनरंगी. मुलं टाळ्या वाजवतील, तेव्हा थांबू नका. त्याच बाटल्यांतून चमचाभर मीठ घातलेलं पाणी सोडा आणि आधी-नंतर टीडीएस मीटर लावा. पहिला थोडा भाग आत राहिलेल्या साध्या पाण्यामुळे पातळ येईल, तो टाकून द्या, त्यानंतरचं मोजा. आकडा जवळपास तोच राहील, राखेमुळे थोडा वाढेलही. दोन्ही प्रयोगांचं पाणी कोणी चाखायचं नाही, आणि हातमोजे द्या, मिथिलीन ब्लूचे डाग युनिफॉर्मवरून निघत नाहीत.